शेवटच्या बाळंतपणात दूध आलं होतं का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात चाळिशी-पन्नाशीच्या पुढची आई, मावशी, आत्या, काकू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या रविवारी आपल्या तालुक्याच्या गावी महाआरोग्य शिबिर झालं. मांडव मोठा होता, बॅनर त्याहून मोठे. शुगर, बीपी, रक्त, ईसीजी, थायरॉईड सगळं मोफत. मी टीका करायला बसलेलो नाही, शिबिर चांगलंच झालं, डॉक्टर मंडळी दुपारचं जेवण चारला जेवली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी मावशीला घेऊन गेलो होतो आणि सावली बघून थायरॉईडच्या रांगेशेजारी बसलो. दोन तासांत साठ-सत्तर बायका गेल्या. जवळपास प्रत्येकीचं म्हणणं एकच. "अंगात ताकदच नाही बघा डॉक्टर." सुई टोचली, नळी भरली, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं दिली, "रिपोर्ट दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर येईल" म्हणून सांगितलं.

मावशी माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "यातली एखादी माझ्यासारखी असली तर रं?"

माझ्या मावशीचाही टीएसएच तीन वेळा तपासला होता. तिन्ही वेळा नॉर्मल. आणि ती मरता मरता वाचली.

मी डॉक्टर नाही, शाळेत भूगोल शिकवतो. जे लिहितोय ते मावशीच्या आजारपणात शिकलेलं, डॉक्टरांना परत परत विचारून पक्कं केलेलं. तिच्याच परवानगीने लिहितोय. "लिही, पण माझं नाव नको घालू," एवढीच अट.

१९९८ चा श्रावण. मावशी तेव्हा एकोणतीस वर्षांची. दुसरं बाळंतपण डोंगराकडच्या वाडीत, घरीच. मुलगी झाली, पण वार अडकली. अंगावरून इतकं गेलं की खालची घोंगडी पिळून काढावी लागली असं आजी सांगायची. पावसात ओढा भरलेला. वडापची जीप मिळेपर्यंत पाच तास गेले. दवाखान्यात पोहोचली तेव्हा नाडी लागत नव्हती. दोन बाटल्या रक्त चढवलं, वार काढली, जीव वाचला. आठव्या दिवशी घरी आली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि विषय संपला.

विषय तिथून सुरू झाला होता, हे कळायला एकवीस वर्षं लागली.

तिला दूधच आलं नाही. पहिल्या मुलाच्या वेळी पदर भिजायचा, या वेळी थेंब नाही. मेथीचे लाडू झाले, शतावरी झाली, शेवटी दृष्ट काढून झाली. पोरगी शेळीच्या दुधावर वाढली. मग पाळीही परत आली नाही. कधीच नाही. एकोणतिसाव्या वर्षी पाळी बंद होते आणि घरात कुणाला काळजी वाटत नाही, उलट "बरं झालं, कटकट गेली, ऑपरेशनचा खर्च वाचला" असं बोललं जातं, याचं मला आज फार आश्चर्य वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. मीही त्याच घरात होतो.

हळूहळू ती थंड पडत गेली. एप्रिलमध्ये स्वेटर घालायची. चेहरा पांढुरका, डोळ्यांच्या आणि तोंडाच्या कडेला बारीक बारीक सुरकुत्या. पस्तिशीत पन्नाशीची दिसायची. काखेतले केस गेले (हे तिने फार नंतर, बाई डॉक्टर समोर असताना सांगितलं). आवाज जड, बोलणं संथ. सकाळी उठवत नसे. उन्हात भांगलायला गेली की चक्कर येऊन बांधावर बसायची. जावा तिला "राणीसाहेब" म्हणायच्या. काका वाईट माणूस नव्हे, पण तोही चारचौघांत म्हणायचा, "हिला काय झालं नाय, सवय लागलीय बसायची."

दवाखाने झाले. ज्याने त्याने आपापल्या परीने बघितलं. रक्त कमी म्हणून लोह, मग बी बारा, मग कॅल्शियम, मग "टेन्शन घेताय" म्हणून झोपेची गोळी. पन्नाशी जवळ आली तसं "वय झालं" हेही उत्तर तयार झालं. आणि थायरॉईड? टीएसएच २.४, एकदम नॉर्मल.

आता हे नॉर्मल कसं काय, ते समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे.

आपल्या मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात पीयूषिका, डॉक्टरांच्या भाषेत पिट्यूटरी. ती स्वतः फारसं काम करत नाही, हुकूम सोडते. गळ्यातल्या थायरॉईडला, मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना, बीजांडकोषांना, पुरुषांत वृषणांना. वाढीचा हार्मोन आणि दूध आणणारा हार्मोन मात्र तिचा स्वतःचा. टीएसएच म्हणजे पिट्यूटरीने थायरॉईडला लिहिलेलं पत्र. थायरॉईड कामात कमी पडली की पिट्यूटरी जास्त पत्रं पाठवते, म्हणून टीएसएच वाढतो आणि आजार सापडतो. पण पत्र लिहिणारा कारकूनच गेला असेल तर? तक्रारवही कोरी राहणार. कोरी वही बघून "गावात काही अडचण नाही" असा शेरा मारायचा का? मावशीच्या बाबतीत तीनदा तो शेरा मारला गेला. टीएसएचसोबत फ्री टी-फोर बघितला असता तर तो खाली दिसला असता. टी-फोर खाली आणि टीएसएच मात्र नॉर्मल किंवा कमी, ही जोडी दिसली की नजर गळ्यावरून डोक्याकडे गेली पाहिजे.

पिट्यूटरी बाळंतपणातच का मरते? गरोदरपणात ती आकाराने वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. अशा वेळी जोराचा रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला की तिला रक्त मिळत नाही आणि तिचा बराचसा भाग मरून जातो. हॅरोल्ड शीहन नावाच्या इंग्रज पॅथॉलॉजिस्टने १९३७ साली हे नीट मांडलं, त्याच्याच नावाने आजार ओळखला जातो. श्रीमंत देशांत तो आता क्वचित दिसतो, कारण तिथे बाळंतीण इतकं रक्त गमावून पाच तास ओढ्याकाठी थांबत नाही. आपल्याकडे? श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर संस्थेतल्या डॉक्टरांनी काश्मीर खोऱ्यात पाहणी केली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपण झालेल्या, विशीच्या पुढच्या बायकांमध्ये शंभरात सुमारे तीन जणींना हा आजार असावा असा त्यांचा अंदाज निघाला. त्यांतल्या बहुतेकींची बाळंतपणं घरी झालेली होती.

महाराष्ट्र म्हणजे काश्मीर खोरं नव्हे, तो आकडा इथे चिकटवू नका. पण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली साधारण ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ती ९५ च्या आसपास गेली. ही मोठी कमाई आहे, आणि आशाताई, नर्सबाई, १०८ ची गाडी यांना त्याचं श्रेय आहे. पण ज्या बायका आज पंचेचाळीस ते पासष्टच्या आहेत, त्या या कमाईच्या आधी बाळंत झाल्यात. शिबिराच्या रांगेत त्याच तर उभ्या होत्या.

२०१९ च्या पावसाळ्यात मावशीला ताप आणि उलट्या झाल्या. ती बरळायला लागली. रक्तातलं सोडियम ११२ निघालं, १३५ च्या वर पाहिजे. सलाईन लावली, चार दिवसांत शुद्धीवर आली, "मीठ कमी झालं होतं" असं सांगून घरी सोडलं. मीठ का कमी झालं, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही विचारलं. घरी वरण जरा खारट करायला लागलो, झालं. त्यानंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी शहाणपणाने पूर्ण थायरॉईड तपासणी केली. टी-फोर कमी निघाला. त्यांनी थायरॉईडची १०० ची गोळी सुरू केली. दहाव्या दिवशी मावशी बेशुद्ध. वरचा रक्तदाब ७०.

त्या डॉक्टरांनी आजाराचं अर्धं टोक पकडलं होतं. पण पिट्यूटरी गेलेल्या माणसात कॉर्टिसॉल नावाचा हार्मोनही कमी असतो. तो ताप, जुलाब, मार, ऑपरेशन अशा संकटात रक्तदाब आणि साखर टिकवून धरतो. थायरॉईडची गोळी शरीराचं इंजिन जोरात चालवते आणि उरलंसुरलं कॉर्टिसॉलही लवकर संपवते. म्हणून कॉर्टिसॉलचा बंदोबस्त आधी, थायरॉईड नंतर. क्रम उलटा झाला तर जीव जाऊ शकतो. ही एक ओळ माझ्या मते प्रत्येक औषध दुकानाच्या काउंटरवर लावायला हवी. आता लोक विचारतील, औषध दुकानदाराचा काय संबंध? संबंध हाच, की आपल्याकडे थायरॉईडची गोळी शेजारणीच्या चिठ्ठीवरही मिळते.

मावशीला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात हलवलं. रात्री दीडला एक शिकाऊ डॉक्टर, जेमतेम सव्वीस वर्षांची पोरगी, बाकी काही न विचारता म्हणाली, "मावशी, शेवटच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? नंतर दूध आलं होतं का?"

एकवीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. विचारायला पैसे लागत नाहीत.

तिने उपचाराआधी रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. तशा अवस्थेत थांबायचं नसतं, म्हणाली. सकाळपर्यंत मावशी उठून बसली आणि चहा मागितला. रिपोर्टात कॉर्टिसॉल १.८. एवढ्या आजारपणात ते कितीतरी वर असायला हवं होतं. एमआरआयमध्ये ग्रंथीची जागा जवळपास रिकामी. आणखी एक गोष्ट तिने दाखवली, ती मला फार भारी वाटली. पन्नाशीत पाळी गेलेल्या बाईचा एफएसएच खूप वाढलेला असतो, कारण पिट्यूटरी बीजांडकोषांना हाका मारत राहते. मावशीचा अगदी कमी होता. म्हणजे "वय झालं" हे उत्तरही खोटं होतं.

तीन आठवड्यांनी मावशीने भाऊबीजेला स्वतः पुरणपोळ्या केल्या. मुलीने आईला धावताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, म्हशीच्या मागे का होईना. रोजच्या गोळ्यांचा खर्च टपरीवरच्या एका चहापेक्षा कमी.

आता माझा मुद्दा. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांशी मी यावर वाद घातला. ते म्हणाले, "सर, आमच्या ओपीडीत दिवसाला दोनशे माणसं. थकवा तर प्रत्येकालाच असतो. एवढ्या दुर्मिळ आजारासाठी सगळ्यांची हार्मोनची तपासणी करायची का?" त्यांचं बरोबर आहे. थकव्यामागे बहुतेक वेळा रक्त कमी असणं, साधा थायरॉईड, शुगर, अपुरी झोप, मनाचं दुखणं हेच असतं. ही पोस्ट वाचून उद्या कुणी लॅबमध्ये जाऊन कॉर्टिसॉल करून घेऊ नका. दुपारी तीनला काढलेलं कॉर्टिसॉल बहुधा काहीच सांगत नाही, उगाच घाबरवतं. सगळ्यांची तपासणी करा असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, प्रश्न विचारा. बाईला दूध आलं नाही, पाळी परत आली नाही आणि बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं, या तिन्हीला "हो" असेल तर तिची तपासणी दुर्मिळ आजाराची राहत नाही. दोनशेतल्या एकीचीच तपासणी करावी लागेल, पण योग्य एकीची.

शिबिराच्या छापील फॉर्मवर गुटखा खाता का, हे विचारलेलं होतं. चांगलंच आहे. त्याच्याखाली बाळंतपणाची एक ओळ बसली नसती का? आशाताई घरोघरी जातात तेव्हा त्यांच्या रजिस्टरमध्ये बसणार नाही का? आणि आजही ज्या बाईला बाळंतपणात रक्त चढवावं लागतं, तिच्या डिस्चार्ज कार्डावर "दूध न आल्यास, पाळी न आल्यास दाखवा" एवढं लिहून द्यायला काय हरकत आहे? आपली यंत्रणा बाई जिवंत घरी गेली की फाईल बंद करते. माता मृत्यूचा आकडा खाली आला पाहिजे, आलाच पाहिजे, पण त्या आकड्यात मावशी कुठेच दिसत नाही. ती मेली नव्हती ना.

आता बायकांचाच आजार समजून पुरुषांनी पोस्ट खाली सरकवू नये. पिट्यूटरी कमी पडण्याची कारणं बरीच. तिच्यावरची गाठ, त्या गाठीचं ऑपरेशन किंवा रेडिएशन ही नेहमीची. डोकं सतत दुखणं आणि बाजूचं दिसेनासं होणं ही गाठीची खूण असू शकते. मोटारसायकलवरून पडून डोक्याला जबर मार बसलेला तरुण वर्षभराने "पहिल्यासारखा राहिला नाही", तेव्हा हेही कारण तपासायला हवं. आणि आपल्या भागासाठी सगळ्यात जवळचं कारण म्हणजे घोणस.

होय, घोणस. ब्रह्मदेशातल्या घोणस चावलेल्या रुग्णांवरचा अभ्यास १९८७ साली लॅन्सेटमध्ये आला. त्यातल्या काहींची पिट्यूटरी निकामी झाली होती, हुबेहूब शीहनच्या बायकांसारखी. तसे रुग्ण नंतर आपल्या देशातही सापडलेत. घोणशीचं विष रक्त गोठण्याची सगळी व्यवस्था बिघडवतं, ग्रंथीत रक्तस्राव होतो किंवा बारीक गुठळ्या अडकतात. ज्यांना विष जास्त भिनलं, किडनी बसली, डायलिसिस लागलं, त्यांच्यात धोका जास्त.

सर्पदंशाने देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. छान. पण जगले त्यांचं काय? आमच्या वाडीतला एक पोरगा, बावीस वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी उसाला पाणी पाजताना घोणस चावली. सहा डायलिसिस झाले, वाचला. गावाने गुलाल उधळला. आता तो दुपारपर्यंत झोपतो, दाढी येणं जवळपास थांबलंय, महिन्याआड उलट्या-चक्कर होऊन सलाईन लावायला जातो. ठरलेलं लग्न मोडलं. लोक म्हणतात दारू पितो. तो पीत नाही. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर किडनीच्या तपासणीची तारीख होती, बाकी काही नाही.

मावशीनेच त्याला ओळखलं. रस्त्यात थांबवून म्हणाली, "माझ्याकडं बघ, मी अशीच होते."

कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी आठ-नऊच्या दरम्यान काढावं लागतं, कारण तेव्हा ते शरीरात सगळ्यात जास्त असतं. सकाळीही ३ च्या खाली असेल तर आजार जवळपास नक्की. १५ च्या वर असेल तर बहुधा काळजी नाही. मधलं आलं तर इंजेक्शन देऊन ग्रंथी जागी होते का ते बघतात. तर हे सकाळी आठचं रक्त. आमच्या वाडीतून पहिली एसटी तालुक्याला पोहोचते पावणेदहाला. सरकारी दवाखान्यात रक्त घ्यायला सुरुवात होते साडेनऊला. पोरगा दोनदा जाऊन आला. एकदा अकराला घेतलं आणि रिपोर्ट ६ आला, ज्याचा अर्थ नीट लावता येत नाही. दुसऱ्यांदा "उद्या या" सांगितलं. जनआरोग्य योजनेचं कार्ड आहे त्याच्याकडे, पण ते दाखल झाल्यावर उपयोगी पडतं, बाहेरच्या बाहेर करायच्या तपासणीला नाही. म्हणून दवाखान्याच्या अधीक्षकांना आणि रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना माझी लेखी मागणी आहे, अर्जाची पोचही घेतलीय. आठवड्यातला एक दिवस, सकाळी आठला रक्त घ्यायला एक माणूस बसवा. नवीन मशीन मागत नाही, नवीन इमारतही नाही.

जाता जाता दोन गोष्टी. सांधेदुखीच्या, दम्याच्या पुड्या देणाऱ्या काही जणांच्या औषधात स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन् महिने घेऊन एकदम बंद केलं की ग्रंथी झोपलेलीच राहते आणि हेच सगळं घडतं. अशी पुडी चालू असेल तर मनाने तोडू नका, डॉक्टरांना पुडीसकट दाखवा. दुसरं, हा आजार निघालेल्या माणसाने ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कॉर्टिसॉलची गोळी दुप्पट करायची असते, आणि उलटी होऊन गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं १०० चं इंजेक्शन लागतं. मावशीने तसं मराठीत लिहिलेलं कार्ड लॅमिनेशन करून बटव्यात ठेवलंय. २०२२ मध्ये जुलाब होऊन ती आडवी झाली तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांनी ते कार्ड वाचलं, फोनाफोनी न करता आधी इंजेक्शन दिलं आणि मग पुढे पाठवलं. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

तुमच्या घरात, भावकीत कुणाची गोष्ट अशी वाटत असेल तर मला मेसेज करा. मी औषध सांगणार नाही, कुठल्या विभागात जायचं आणि कागद कुठले न्यायचे तेवढं सांगेन. बायकांना माझ्याशी बोलायला संकोच वाटेल, त्यांच्यासाठी मावशी फोनवर बोलायला तयार आहे.

पोरगा सोमवारी रात्री मुक्कामाला माझ्याकडे येतोय. मंगळवारी सकाळी आठला त्याला घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसणार आहोत. मावशीही येणार म्हणते, थर्मासमध्ये चहा घेऊन.